गुन्हा एकाचा, शिक्षा दुसऱ्याला?

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती शेजारीणबाई म्हणतात, येशू आमच्या पापांसाठी मेला. गुन्हा एकाने करायचा आणि भोगायचं निरपराध्याने, हा देवाचा न्याय कसा?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि चर्चमध्येही जुनाच आहे. इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप (मुख्य धर्माधिकारी) अन्सेल्म यांनी 1098 च्या सुमारास मांडलं, की पापाने देवाचा मान हिरावला जातो, त्याची भरपाई माणसाला झेपणारी नाही, म्हणून देव माणूस झाला. ‘आपली शिक्षा त्याने भोगली’ ही भाषा ठळक झाली ती सोळाव्या शतकात, कॅल्व्हिन वगैरे प्रोटेस्टंट धर्मसुधारकांकडे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची मंडळी मात्र मरणावरच्या विजयावर भर देतात.

देव तिसऱ्याच कुणाला तरी धरून बळी देतो, असं चित्र असेल तर तो अन्यायच. मीही ते मानणार नाही. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (10:18) येशू सांगतो, माझा प्राण कुणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. आणि आमच्या श्रद्धेत तो देवच. म्हणजे न्यायाधीशच आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहतो.

गुड फ्रायडेला बरब्बाचा उतारा वाचताना माझा आवाज आजही अडखळतो. दंग्यात खून केलेला हा कैदी येशूऐवजी सुटतो, येशू क्रुसावर जातो. बरब्बाने पश्चात्ताप केल्याचा एक शब्दही तिथे नाही!

मग पाप करायला मोकळं रान? येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्रा’च्या सहाव्या अध्यायात हाच प्रश्न घेऊन ‘मुळीच नाही’ म्हटलंय. शेजारीणबाईंकडून तेवढा अध्याय मागून वाचा.