संत्र्याच्या कंपनीत पैसे टाकायच्या आधी

प्रिय बेटा,

पगारातून साठवलेले दोन लाख आपल्याच भागातल्या स्टार्टअपमध्ये टाकायचेत हे वाचून लय बरं वाटलं. मोर्शीकडची ती पोरं बारीक संत्र्याचा पल्प काढायचा प्लांट टाकताहेत आणि इकडे तुमच्या गावच्या शेतकरी कंपनीनंही तुला विचारलंय, तर दोघांचं वेगवेगळं सांगतो, कारण दोन्हीकडे एकाच प्रकारचा पैसा चालत नाही.

आधी हे पक्कं धर की एंजल म्हणून, म्हणजे नव्या कंपनीचे शेअर घेऊन टाकलेला पैसा सात-आठ वर्षं हातात येत नाही, आणि बऱ्याचदा कधीच येत नाही. बहुतेक कंपन्या बुडतात, एखादी चालते आणि तीच बाकीच्यांचं भरून काढते. म्हणून एकाच जागी सगळं टाकू नको, पुढच्या काही वर्षांत आठ-दहा ठिकाणी थोडं थोडं जाईल असा हिशोब ठेव. आणि घरच्या पेरणीचा किंवा दवाखान्याचा पैसा यात अजिबात नको.

आता सोशल इम्पॅक्टचं, म्हणजे लोकांचं खरंच भलं होतं का याचं. तो त्या पोरांच्या पीपीटीत शोधू नको, 'पाचशे शेतकरी जोडले' असं सगळेच लिहितात. आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी चालू असताना बांधावर जा. व्यापारी बगिचा उक्ता (झाडावरचा सगळा माल एकाच ठरलेल्या रकमेत) घेतो तेव्हा बारीक फळाला भाव नसल्यासारखाच असतो, मग त्याच फळाचे या कंपनीनं किती दिले ते काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर बघ. वजन कोणाच्या काट्यावर झालं, कडता (घट म्हणून वजा धरलेलं वजन) किती कापला, क्रेट आणि गाडीभाडं कोणाच्या माथी, पैसे किती दिवसांनी खात्यात आले, हे सगळं वजा करून शेतकऱ्याच्या हातात मागच्या वर्षीपेक्षा काय जास्त पडलं तो खरा इम्पॅक्ट. दोनचार शेतकऱ्यांकडे तरी जा, आणि कंपनीनं ज्यांच्याशी गाठ घालून दिली त्यांच्याशिवाय दुसऱ्यांकडे जा. प्लांटवर फळं निवडणाऱ्या बायांना रोज काय मिळतो तेही विचार, ते कोणी विचारत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, शेतकऱ्याला जास्त भाव देऊनही कंपनीला नफा उरतो का? उरत नसेल तर पहिली मंदी आली की भावच कापला जाईल आणि तुझा इम्पॅक्ट तिथंच संपला. शिवाय आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार धरून माल वर्षातले काही महिनेच मिळणार, मग बाकीच्या वेळी मशीन काय करणार, पल्प कोणत्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवणार, घेणारा ठरलाय का? हे धड सांगता आलं नाही तर थांब.

व्हॅल्युएशनला, म्हणजे कंपनीची किंमत धरण्याला, घाबरू नको. समज त्यांनी 80 लाख प्री-मनी (नवा पैसा येण्याआधीची कंपनीची किंमत) धरून 20 लाख उचलले, तर कंपनी 1 कोटीची झाली आणि, हिशोबाला सोपं म्हणून सगळे धरले तर, तुझ्या 2 लाखांचे 2 टक्के. पुढं कोणी 3 कोटी प्री-मनीवर 1 कोटी टाकले तर तुझे 2 चे दीड टक्के होतील, पण कागदावर किंमत 6 लाख. कागदावर म्हणतोय, कारण तो शेअर विकत घेणारा सापडेपर्यंत तो पैसा नाही.

पैसे रोख देऊ नको, फोनपे करून 'शेअर नंतर देतो' हेही नको. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 प्रमाणे ऑफर लेटर आलं पाहिजे, पैसे बँकेतूनच गेले पाहिजेत, आणि 60 दिवसांत शेअर मिळाले नाहीत तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत. अलॉटमेंट (शेअरवाटप) होऊन त्याचा पीएएस-3 हा सरकारी फॉर्म भरेपर्यंत त्यांनी तुझा पैसा वापरायचा नसतो. लोक एंजल टॅक्सची (कंपनीनं रास्त किमतीपेक्षा महाग शेअर विकले की तिला लागायचा तो कर) भीती घालतील, तो 2024 च्या बजेटमध्ये काढून टाकलाय. शेअर साधे की सीसीपीएस (पुढं साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर), आणि कंपनी बंद पडली तर आधी पैसे कोणाला, एवढं सीएकडून समजून घे.

आता गावची शेतकरी कंपनी. ती प्रोड्यूसर कंपनी आहे, तिचा शेअर फक्त उत्पादकालाच घेता येतो, तेव्हा तू पुण्यात नोकरी करून एंजल म्हणून तिथं शेअर घेऊच शकत नाहीस. अध्यक्ष काकांना वाईट वाटेल, पण कारण स्पष्ट सांग आणि नुसतं नाही म्हणून सोडू नको. त्यांना सोयाबीन खरेदीच्या हंगामात खेळतं भांडवल लागतं, आणि त्याला कर्जच बरं. नाबार्डची नॅबकिसान ही कंपनी अशा कंपन्यांना कर्ज देते. केंद्राच्या 10,000 एफपीओच्या (शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या) योजनेत बसत असतील तर सभासदांच्या भागभांडवलाइतकं इक्विटी ग्रँट (भांडवलासाठीचं अनुदान) मिळतं, सभासदामागे 2,000 पर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त 15 लाख. अर्ज करायला ऑडिट झालेले ताळेबंद लागतात आणि काका बहुतेक अडलेत तिथंच. दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन काकांजवळ दोन दिवस बस आणि हिशोब लावून दे.