मोकळी झाले, तरी मन लागेना

पन्नाशी-साठीतल्या बायकांकडून, आणि अलीकडे पुरुषांकडूनही, एक तक्रार वारंवार ऐकू येते. "मुलं मार्गाला लागली. घरातली आजारपणं संपली. वाटलं होतं, आता निवांत देवाचं करू, वाचू, फिरू. आणि नेमकं आत्ताच कशात मन लागत नाही. माझं काही चुकतंय का?"

चुकत नाही, एवढं सांगून भागत नाही. ते ऐकून कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई छप्पन्न वर्षांच्या, राहायला पुण्यात सहकारनगरला. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, लेक लग्न होऊन बंगळूरला. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला तेव्हा ताई प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. सासूबाई एकदा घरातून निघून गेल्या आणि लक्ष्मीनगरच्या चौकात सापडल्या, त्यानंतर ताईंनी नोकरी सोडली. शेवटची काही वर्षं सासूबाई पूर्ण अंथरुणावर होत्या. नाकातून नळी, एअर बेड, दर दोन तासांनी कूस बदलणं. रुग्णसेवा ब्युरोची मावशी दिवसा यायची, रात्र ताईंची. गेल्या कार्तिकात सासूबाई गेल्या. ओंकारेश्वरावर दहावा झाला, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले. पौषात ताई समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या होत्या.

बोलायला सुरुवात केली ती देवघरापासून. "पूजेला बसलं की हात चालतात, मन तिथे नसतं. शेजारच्या वहिनींनी रोज अकरा माळा जप सांगितला. दुसऱ्या माळेलाच एक तर रडू येतं, नाही तर चिडचिड होते. सगळे म्हणतात, एवढी सेवा केलीस, तुझ्यासारखी पुण्यवान तूच. मग मला आत काहीच का वाटत नाही?"

त्या थोडा वेळ थांबल्या आणि एक वाक्य बोलल्या. ते मी त्यांच्या परवानगीने जसंच्या तसं देते. "मॅडम, लोक म्हणतात जनाबाईला दळताना विठ्ठल दिसला. मला डायपर बदलताना कधीच कुणी दिसलं नाही. मला फक्त घाण दिसली."

तिथून पुढचं सगळं बोलणं खरं झालं. सासूबाई गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला होता, "आज रात्री सलग झोप लागेल." हे त्यांनी यजमानांना सांगितलं नव्हतं, लेकीला नाही, बहिणीलाही नाही. जपाला बसलं की तोच विचार समोर उभा राहायचा, आणि देवापुढे तो लपवण्यात सगळी शक्ती जायची. मन लागणार कसं?

त्यांना मी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २००३ साली रिचर्ड शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या २१७ नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण गेल्यावर, 'या मृत्यूने मला सुटल्यासारखं वाटलं' असं ७२ टक्के जणांनी सांगितलं. रुग्णाचीही सुटका झाली, असं ९० टक्क्यांहून अधिक जणांना वाटत होतं. ताईंनी तो आकडा मला पुन्हा सांगायला लावला. "म्हणजे चारातल्या जवळजवळ तिघांना?" हो, चारातल्या जवळजवळ तिघांना. आणि या माणसांचं प्रेम कमी होतं असा त्याचा अर्थ कुणी काढलेला नाही. स्मृतिभ्रंशात माणूस थोडा थोडा करत आधीच हरवत गेलेला असतो. ताईंना सासूबाई शेवटी शेवटी स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. त्या सासूबाईंसाठी ताई कितीतरी आधी रडून घेत होत्या, फक्त त्याला शोक म्हणायचं त्यांना सुचलं नव्हतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण 'आध्यात्मिक पोकळी' या नावाखाली साधं नैराश्य महिनोन्‌महिने अंगावर काढणारी माणसं मी पाहते. ताईंशी पुढे काही करण्याआधी झोप, भूक, वजन, जगण्याबद्दलचे विचार हे सगळं नीट विचारून घेतलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले. मन आणि शरीर अशी वाटणी आपण बोलण्यापुरती करतो, थकव्याला ती ठाऊक नसते.

रात्री दोनला त्यांना आपोआप जाग यायची. इतकी वर्षं त्या वेळी कूस बदलायची असायची. कुणी सांगितलं होतं, ब्राह्ममुहूर्ताआधी जाग येते म्हणजे देव बोलावतोय, उठून जपाला बसा. मी म्हटलं, देव बोलावेल तेव्हा बोलावेल, ही शरीराला लागलेली सवय आहे, आधी झोप परत आणू. जाग आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. उठून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत झोपायचं. घड्याळ बघायचं नाही. झोप झाली असो वा नसो, सकाळी उठायची वेळ तीच, आणि दुपारी आडवं व्हायचं नाही. सुरुवातीला त्रास झाला. होळीच्या सुमाराला रात्री सलग जाऊ लागल्या.

मग राग. जनाबाईंचा विषय त्यांनी काढला होता, तोच मी पुढे नेला. जनाबाई विठ्ठलाशी भांडायच्या, त्याला बोल लावायच्या, हे आपल्या परंपरेने लपवलेलं नाही. दळताना मदतीला येणारा देव आपण लक्षात ठेवला आणि त्याच्यावर चिडणारी जनी विसरलो. मी ताईंना सासूबाईंना पत्र लिहायला सांगितलं. पुण्यतिथीच्या अंकात छापतात तसं गोड पत्र नको, खरं हवं. दोन आठवडे त्या कोरा कागदच घेऊन येत होत्या. तिसऱ्या आठवड्यात आल्या त्या चार पानं भरून. "अहो आई" अशी सुरुवात होती. लेकीच्या ग्रॅज्युएशनच्या समारंभाला जाता आलं नाही ते त्यात होतं. धडधाकट असताना सासूबाई पाहुण्यांसमोर जे बोलल्या होत्या तेही होतं. आणि तिसऱ्या पानावर, एका दुपारी नळी बदलल्यावर सासूबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता, तेवढंच. तो प्रसंग त्या विसरल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं. रागाला वाट मिळेपर्यंत त्याच्यामागे अडकलेली माया दिसत नाही. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाचं एक वर्णन मांडलं. त्यांच्या मते सावरणारा माणूस सरळ रेषेत पुढे जात नाही. तो कधी गमावलेल्याकडे वळतो, कधी समोरच्या आयुष्याकडे. हे येणं-जाणं म्हणजेच सावरणं. ताईंना हे पटवायला पुणंच मदतीला आलं. फाल्गुनात सारसबागेकडे जाताना मोठा पिंपळ दिसला तर बघा म्हटलं. एका फांदीवर पिवळी पानं गळत असतात आणि दुसरीवर तांबूस पालवी आलेली असते. शिशिर संपल्याचा निरोप घेऊन वसंत येत नाही.

आता देवघर. अकरा माळा आम्ही थांबवल्या. ताई घाबरल्या, "नेम मोडला तर?" त्यांना विचारलं, हा नेम तुम्ही कधी घेतला? तो घेतला होता वहिनींनी, ताईंच्या वतीने. त्यांचा स्वतःचा, लहानपणापासूनचा नेम होता संध्याकाळी दिवा लावून हात जोडायचा. तेवढाच ठेवला. मागणं नाही, संख्या नाही. उरलेल्या वेळात सकाळी तळजाईवर चालायला जायचं, शक्यतो एकटीने आणि फोन घरी ठेवून. नणंदेला हे अजिबात आवडलं नाही. "आता तर वेळ आहे, आता तरी देवाचं वाढवायला हवं," असं त्यांचं म्हणणं.

माझं मत याच्या उलट आहे. आयुष्याच्या एका काळात जी साधना तारते, ती पुढच्या काळात तशीच चालेल असा हट्ट धरू नये. अंथरुणाशी बसून काढलेल्या रात्रींत ताईंनी घाईघाईत, डोळे मिटत असताना जे नाव घेतलं, ते त्या काळाला पुरेसं होतं. आता हातात काम नाही, तर मनालाही एक काम लावून द्यायचं, जपाचं, व्रताचं, चारधामचं, हे रितेपणाला घाबरून केलेलं असतं. दोन टप्प्यांच्या मधे माणूस काही काळ कुणीच नसतो. सून म्हणून काम उरत नाही, आई म्हणून फारसं उरत नाही, शिक्षिका केव्हाच मागे पडलेली असते. तो काळ लवकर भरून टाकला की त्यातून जे उगवायचं ते उगवत नाही.

आपल्याकडे आश्रमव्यवस्थेत या वयाला वानप्रस्थ म्हटलं आहे. अंगावर सुरकुत्या, केस पांढरे आणि घरात नातवंड दिसलं की गृहस्थाने वनाकडे निघावं, असं स्मृतिग्रंथ सांगतात. पण त्याच ठिकाणी पत्नीसाठी दोन पर्याय आहेत: मुलांच्या हवाली राहावं, नाही तर नवऱ्यासोबत जावं. तिचा स्वतःचा वानप्रस्थ कुणी लिहिलेला नाही. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे माझा मलाच लिहायला लागणार." त्या दिवशी शिक्षिकेचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

ज्येष्ठाच्या शेवटी पालख्या पुण्यात आल्या. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन दिवसांचा मुक्काम. सोसायटीच्या महिला मंडळाने वारकऱ्यांचे पाय चेपायची सेवा ठरवली आणि ताईंचं नाव सगळ्यांत वर लिहिलं, "तुला तर सवयच आहे." ताई नाही म्हणाल्या. त्या एकट्याच नाना पेठेत गेल्या, दर्शनाच्या रांगेत उभ्या राहिल्या, एका मंडपात बसून कुणीतरी वाढलेली पिठलं-भाकरी खाल्ली आणि घरी आल्या. "मी काही म्हणजे काही केलं नाही," हे त्यांनी मला जरा दबकत सांगितलं. इतक्या वर्षांत दुसऱ्याने वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन, कुणाकडे लक्ष न ठेवता जेवण्याची ती पहिली वेळ होती. माझ्या दृष्टीने आमच्या सगळ्या भेटींतली ही सर्वांत मोठी प्रगती. द्यायला त्यांना कधीच शिकवावं लागलं नाही. घेणं त्यांना जमत नव्हतं. आणि घेता येत नसेल तर प्रसाद तरी कसा घेणार?

एरिक एरिकसन यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातला सातवा मधल्या वयाचा, आणि त्या टप्प्यातून कमवायचा गुण त्यांनी सांगितला तो काळजी वाहण्याचा, पुढच्यांना काही देऊन जाण्याचा. श्रावणात तो ताईंच्या बाबतीत नव्या रूपात दिसला. खालच्या मजल्यावरच्या मुलाचे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. ताईंनी त्याला शिकवलं: कूस बदलताना दोन गुडघ्यांमधे उशी, टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत, नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू वर आणि भरवून झाल्यावरही थोडा वेळ तशीच. रोज त्वचा तपासायची, लाली दिसली तर दुर्लक्ष करायचं नाही. दोन दुपारी खाली जाऊन दाखवलं, मग त्याच्या हाताने करवून घेतलं, आणि परत वर आल्या. रोज जायला लागल्या नाहीत. तो मुलगा आता दुसऱ्या एका घरी हेच दाखवून आला म्हणे.

हे वाचून कुणी स्वतःकडे बघत असेल तर एवढं जरूर पाहा. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं असेल तर तो ऋतू म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. गेलेल्या माणसाची ओढ किंवा त्याच्याविषयीचे विचार सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडवत असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हटलं आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर वाट पाहू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

ताई अजून येतात, पण आता भेटींमधलं अंतर वाढलं आहे. सासूबाईंच्या खोलीतला पलंग गेला, खोली मात्र त्यांनी रिकामीच ठेवली आहे. कधीतरी रात्री दोनला जाग येतेच. लेकीचं बाळंतपण मार्गशीर्षात, बंगळूरलाच करायचं ठरलं आहे. "आई, सहा महिने ये," असा तिचा आग्रह आहे. ताईंनी दोन महिने सांगितले आहेत आणि पुढे मदतीला कामाची मावशी बघायला सांगितली आहे. लेक थोडी रुसली आहे, यजमानांना हे अजून सांगायचं आहे. पुढच्या भेटीत तेच बोलायचं ठरलं आहे.