सव्वीस तारखेची ताटं

घरातले वाद घेऊन लोक माझ्याकडे येतात. दर जानेवारीत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. "ताई, नाताळ झाला की पोरं बॅगा भरतात. चालीरीती बुडायल्या." त्याच घरातली सून म्हणते, "सुट्टी फक्त पंचवीसची. पुढचे सगळे दिवस मी कुठून आणू?" दिवाळीनंतर, येळवशीनंतर (वेळ अमावस्येचा शेतातला सण) हेच गाऱ्हाणं दुसऱ्या घरांतून ऐकते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कुटुंब जालन्याकडचं, ख्रिस्ती. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई एप्रिलमध्ये वारलेली. सत्तरीतले वडील जालन्यात एकटे, मुलगा-सून पुण्यात नोकरीला. वडिलांचा हट्ट असा: सव्वीसपासून फराळाची ताटं घेऊन घरोघर जायचं, एकतीसच्या रात्री उपासनेला सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि दारातला तारा सहा जानेवारीपर्यंत उतरवायचा नाही. सुनेला सव्वीसलाच निघणं भाग होतं. नोव्हेंबरातच दोघांचं बोलणं बंद झालं.

अशा वेळी मी एकट्यादुकट्याला समजवायला जात नाही. भांडण कुणा एकाच्या आत नसतं, दोघांच्या मधे असतं, असं मी वीस वर्षं मानत आले आहे. तिघांनाही एकत्र बोलावलं.

"बावीस घरं," वडील म्हणाले. "चाळीस वर्षं बावीस घरं. एक कमी नाही."

"पप्पा, बावीस ताटांच्या करंज्या करायच्या कुणी?"

"तुझ्या सासूनं हे कधी विचारलं नाही."

दोन भेटी अशाच गेल्या. मग मी विचारलं, "ही बावीस घरं लिहिलेली आहेत का कुठे?" तिसऱ्या भेटीला वडील एक दोनशे पानी वही घेऊन आले. आईंची. कडा तेलकट झालेल्या, दर वर्षाला एक पान. सून वाचू लागली. 2009 साली एकोणीस घरं. 2014 साली सव्वीस. 2020च्या पानावर, कोरोनाच्या वर्षी, एकही ताट नाही, नुसते फोन नंबर आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. कुणापुढे "शुगर आहे, शंकरपाळी नको", कुणापुढे "बाळंतीण, डिंकाचे लाडू". बावीसचा आकडा सगळ्या वहीत एकदाच.

वडील पानांवरून बोट फिरवत राहिले. "मला ठाऊकच नव्हतं. मी नुसती पिशवी धरायचो."

सुनेनं पुढचं पान उलटलं. एका नावापुढे लिहिलं होतं, "यंदा दुःख आहे. ताट नको. जाऊन बसावे."

ती थांबली. खोलीत कुणी बोललं नाही. अशी शांतता मोडायची घाई मी करत नाही, ही सवय मला फार कष्टानं लागली आहे. बऱ्याच वेळानं वडील म्हणाले, "यंदा आपल्या घरी कुणी येऊन बसलं का गं?" सून उठली आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

मला तेव्हा लख्ख दिसलं. आईंनी जन्मभर माणसं जपली, ते करताना वडिलांना दिसली फक्त ताटं. म्हणून ते ताटं मोजत होते. आणि ज्या रीतीला ते अढळ म्हणत होते ती आईंनी दरवर्षी खोडून, जोडून नव्यानं लिहिली होती. खरं तर या भागातल्या ख्रिस्ती घरांची रीतच अशी घडली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा तिथं आलेल्या घरांपुढे नाताळ नवा होता. करंजी आणि चकली त्या सणात आपल्याच चुलीवरून गेली.

तुमच्या घरी हा वाद असेल तर "ही रीत पाळायची की सोडायची" असं विचारू नका. त्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे आणि दोन्हींत कुणीतरी दुखावतं. ही रीत कुणासाठी सुरू झाली आणि तिचे कष्ट कोण उपसतं, हे विचारा. कष्ट करणारीला बदल करायचा पहिला हक्क द्या. बोलणं नाताळच्या आठवड्यात नको, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी करा, तेव्हा हातात तीन-चार आठवडे असतात. आणि नाताळ पंचवीसला संपत नाही. सहा जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आले, त्याची आठवण) बारा दिवस मिळतात, ते दीड दिवसात कोंबायची गरज नाही. घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तर फराळ निम्मा करा, पण गेलेल्या माणसाचं नाव जेवताना मोठ्यानं घ्या. न बोललेलं दुःख रीतीच्या आडून भांडतं.

त्या वर्षी सून सव्वीसला गेली. दोन जानेवारीला दोघं परत आले, तारा दारात होताच. ताटं नऊच झाली, त्यातली चार दुकानातल्या चिवड्याची. दहाव्या घरी, जिथं त्या पावसाळ्यात एक म्हातारे गृहस्थ गेले होते, वडील रिकाम्या हातानं गेले आणि दोन तास बसले. वहीचं नवं पान सुनेनं भरलं आहे. त्यात पुण्यातलीही दोन घरं आहेत.