ड्रॉइंग येत नाही, कोर्स केलेला नाही, तरी जुन्या कपड्यांतून विणून घालण्या-वापरण्यासारखं काही बनवलं तर त्याला क्रिएटिव्हिटी म्हणता येईल का? सुरुवात कशी करू आणि काय काय विकत घेऊ?

म्हणता येईल. आणि विकत काहीही घेऊ नका.

उत्तर खरं तर इथेच संपतं, पण तुमच्या प्रश्नातलं ते 'ड्रॉइंग येत नाही' वाचलं आणि माझं डोकं फिरलं, तुमच्यावर नाही, हे तुमच्या डोक्यात ज्याने कोणी भरवलंय त्याच्यावर. कारण अगदी हेच मला माझ्या धाकट्या दिराने घरच्या एका समारंभात सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. तो कमर्शियल आर्ट शिकलाय, जाहिरातींच्या धंद्यात आहे, हुशार आहे, त्याबद्दल वादच नाही. मी स्वतः विणलेलं बिनबाह्यांचं जॅकेट घालून गेले होते. त्याने ते हातात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, छान जमलंय हं, पण ही क्रिएटिव्हिटी नाही, हे क्राफ्ट झालं. क्रिएटिव्हिटीत आधी डोक्यात कॉन्सेप्ट लागतो, स्केच लागतं. तुम्ही हाताला येईल ते घेत गेलात." मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "असू दे रे, तिचा वेळ जातो."

वेळ जातो! मी पूर्णवेळ नोकरी करते, दिवसभर आकडे जुळवते, माझा वेळ घालवायला मला चिंध्यांची गरज नाही, उलट चिंध्यांसाठी वेळ कुठून काढायचा हा प्रश्न असतो. असो.

तर ते जॅकेट. नवऱ्याचे शर्ट होते, कॉलर विरलेले, कोपर फाटलेले, पण पाठीचं आणि पुढचं कापड धडधाकट. एक जुनी चादर, एक नारिंगी ओढणी. खिडकीच्या जाळीची एक लाकडी चौकट टाकून द्यायची म्हणून पडली होती, चारेक फूट लांब, तिची जाळी काढली आणि वरच्या-खालच्या पट्टीवर खिळे ठोकले. खिळे एका ओळीत नाही, दोन ओळींत नागमोडी ठोकायचे, नाहीतर लाकूड चिरतं. त्यावर जाड सुती दोरा खालीवर ओढून ताणा केला आणि शर्टांच्या करंगळीपेक्षा बारीक पट्ट्या फाडून आडव्या घालत गेले, एक उभा धागा वर, एक खाली, पुढच्या ओळीला उलट. बस, एवढंच विणकाम आहे, बाकी सगळं याचीच पोरंबाळं. सव्वा वीत रुंदीच्या दोन लांब पट्ट्या विणल्या, दोन्ही खांद्यांवरून पुढून मागे टाकल्या, पाठीच्या मधोमध एकमेकींना जोडल्या, काखेखाली बाजू शिवल्या. कापडाला कुठेही कात्री लावली नाही. मागची शिवण मानेच्या खाली थांबवली की पुढच्या कडा गळ्याशी आपोआप बाहेर वळतात, कॉलरसारख्या.

आता दिराच्या कॉन्सेप्टकडे येते. पहिली पट्टी विणून झाली आणि दुसरी खांद्यापर्यंत आली तेव्हा निळा शर्ट संपत आला. संपतच आला, दुसरा तसा निळा जगात नाही, कारण तो इतकी वर्षं धुऊन धुऊन झालेला निळा होता. काय काय करता आलं असतं? पहिली पट्टी उसवून निळा दोन्हीकडे वाटून घेता आला असता. उरलेला निळा एक ओळ सोडून एक ओळ घालून ताणता आला असता. नवा निळा कपडा आणून जुळवता आला असता, जो जुळला नसता. मी दोन्ही पट्ट्या जमिनीवर शेजारी ठेवल्या, खुर्चीवर उभी राहून वरून बघितल्या, रात्रभर तशाच ठेवल्या आणि सकाळी ठरवलं की निळा डाव्या खांद्यामागे एकदम थांबवायचा, लपवायचा नाही, उलट तिथे ओढणीची नारिंगी अशी एकच ओळ घालायची की बघणाऱ्याला वाटावं इथे कोणीतरी मुद्दाम रेघ मारली आहे. आणि मारलीच होती मुद्दाम. हे स्केचमध्ये कसं येणार? निळा कुठे संपणार हे स्केचला माहीत नसतं.

आणखी एक. शर्ट फाडायच्या आधी मी खिसा उसवून काढला, तर खाली चौकोनभर कापड शर्ट नवा असतानाच्या रंगाचं, गडद, त्याच्या कडेने सुईच्या भोकांची रांग, आणि बाजूचं सगळं उन्हाने आणि धुण्याने फिकं. कॉलरच्या दुमडीतही तेच. म्हणजे एकाच शर्टात दोन निळे! तो भाग फाडला की प्रत्येक पट्टीत मध्येच बोटभर गडद तुकडा येतो, आणि विणताना तो कुठे उमटेल हे तुम्ही पट्टी जरा पुढेमागे सरकवून ठरवू शकता. मी ते सगळे तुकडे दोन्ही खांद्यांवर आणले. लांबून दिसत नाही, जवळून बघितलं की खांद्यांवर ढग आल्यासारखं दिसतं. दिराने जॅकेट उलटं करून पाहिलं पण हे त्याला दिसलं नाही, आणि त्या दिवशी मी सांगितलंही नाही, कारण सासूबाईंच्या त्या वाक्यानंतर माझी बोलायची इच्छाच गेली होती.

नंतर मी वाचायला लागले, आणि हो, भांडण जिंकायलाच वाचायला लागले, उगाच खोटं कशाला बोलू. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायका पिढ्यानपिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या करत आल्या. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने 1942 मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तिथल्या या कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांचे फोटो बघा, पँटच्या गुडघ्याशी फिकं आणि जिथे खिसा होता तिथे गडद, ते तसंच ठेवून दिलंय. मी फोटो बघितला आणि खुर्चीत सरळ बसले. 2002 मध्ये या गोधड्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागलं, 2006 मध्ये त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटं निघाली. हे दिराला पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, "ते वेगळं वहिनी, ते म्युझियममध्ये आहे." अरे, 1942 मध्ये नव्हतं ना! गोधडी तीच आहे, एक टाका बदललेला नाही, मग 2002 मध्ये तिच्यात अचानक कॉन्सेप्ट कुठून शिरला?

आणि याच्या हॉलमध्ये बाउहाउसचं पोस्टर लावलंय. 1919 ला जर्मनीत सुरू झालेली कलाशाळा, आधुनिक डिझाइनची काशी वगैरे. त्याच शाळेत बहुतेक मुलींना विणकामाच्या वर्कशॉपमध्ये पाठवत. ॲनी आल्बर्स 1922 मध्ये तिथे गेल्या, त्यांना काचकाम करायचं होतं, मिळाला माग. पुढे 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं एकटीचं प्रदर्शन भरवलं, तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या विणकर. आणि या बाई सामान कसलं वापरत माहितीये? 1940 च्या आसपास एका विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्यांनी दागिने केले, सिंकच्या जाळीचे, पेपरक्लिपांचे, वॉशरचे! 1965 ला विणकामावर पुस्तक लिहिलं ते अर्पण केलं पेरूच्या प्राचीन विणकरांना, आपले गुरू म्हणून. त्या विणकरांनी कोणत्या कॉलेजात स्केचिंग केलं होतं ते पोस्टरवाल्याने मला सांगावं. यावर अजून उत्तर आलेलं नाही, निळ्या खुणा आल्या आहेत.

बरं, तुमची सुरुवात. चौकट नसेल तर जाड पुठ्ठा घ्या, वर-खाली अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा, त्यात दोरा गुंडाळा, झाला माग. ताण्याचा दोरा मजबूत आणि न ताणला जाणारा हवा, स्वेटरची लोकर तिथे चालत नाही, लवचिक असते, सोडल्यावर सगळं आक्रसतं. आडवं मात्र काहीही चालतं. शर्ट-चादर असेल तर कात्रीने फक्त टोकाशी चीर द्यायची आणि हाताने टर्रकन फाडायचं, कापड आपल्याच धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीने इतकं सरळ कापणं कुणाच्या बापाला जमत नाही. टीशर्ट फाडू नका, तो मागावर विणलेला नसून स्वेटरसारखा गुंफलेला असतो, त्याच्या आडव्या पट्ट्या कापून जरा ओढा, कडा आपोआप आत वळून गोल दोरी होते. दोन पट्ट्या जोडताना गाठ नको, फुगवटा येतो. दोन्हींच्या टोकाला छोटी चीर पाडायची, नव्या पट्टीचं चिरेचं टोक जुन्या पट्टीच्या चिरेतून काढून, नवीचीच दुसरी शेपटी तिच्या स्वतःच्या चिरेतून ओढून घ्यायची. जपानच्या थंड उत्तर भागात, जिथे कापूस पिकतच नाही, तिथे लोक बाहेरून आलेले जुने सुती कपडे असेच फाडून पट्ट्या विणायचे, साकिओरी म्हणतात त्याला, आणि ते अंगावर घालायचे. हौस म्हणून नाही, थंडी म्हणून.

सगळ्यांना पहिल्यांदा छळणारी गोष्ट म्हणजे काम वर जाईल तसं मधे अरुंद होत जातं, कंबर आल्यासारखं. कारण आडवी पट्टी सरळ ताणून घातली जाते, तिला उभ्या धाग्यांच्या वर-खाली जायला जास्त लांबी लागते, ती कुठून घेणार, कडा आत ओढून घेते. म्हणून पट्टी आधी कमानीसारखी सैल टाकायची आणि मग कंगव्याने किंवा जेवायच्या काट्याने खाली ठोकायची. हे एक जमलं की तुमचं ऐंशी टक्के काम जमलं.

पहिल्याच फटक्यात जॅकेट करू नका. टेबलावर ठेवायचं काहीतरी चौकोनी करा. आणि डिझाइन आधी ठरवू नका, हे मी तावातावाने सांगतेय याची मला कल्पना आहे, पण खरंच, आधी कपड्यांचा ढीग करा, रंगाप्रमाणे लावा, कोणता किती आहे ते बघा, त्यातला सगळ्यात कमी असलेला रंग जपून ठेवा. कुठला केव्हा वापरायचा याचे निर्णय तुमचे तुम्हीच घेत जाल, आणि त्यालाच तो शब्द आहे जो तुम्ही मला विचारताय. ज्याला स्केच काढून करायचंय त्याने खुशाल काढावं, माझी हरकत नाही, नियमबियम लावायला मी कोण. पण 'आधी स्केच, मगच क्रिएटिव्हिटी' असं कोणी म्हणालं तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या. मी दिराला देणारच आहे.

विकू नका मात्र. 'एवढं छान करतेस तर विक ना' म्हणणारे भेटतील, तेच लोक किमतीला घासाघीस करतील, वर तुम्ही निळा संपायच्या भीतीने नवा कपडा आणायला लागाल आणि मग मजाच गेली.

आता सांगायचं राहिलेलं. असं कापड जड होतं. माझं जॅकेट पावसात भिजलं तर सुकायला दोन-दोन दिवस घेतं. फाडायच्या आधी सगळे कपडे एकदा गरम पाण्यात धुवून घ्या, जो आटायचाय तो आधीच आटू दे, आणि गडद कपड्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग लागला तर तो वेगळा ठेवा, मीठ लावून पक्का होतो वगैरेवर विसंबू नका. अगदी विरलेलं कापड घेऊ नका, दोन्ही हातांत धरून जोरात ओढा, फाटलं तर त्याचं आयुष्य संपलंय, ते पुसायला ठेवा. गुळगुळीत सिंथेटिक साडी-ओढणी सुरुवातीला टाळा, ठोकून बसवलेली ओळ पुन्हा वर सरकते. (माझी ओढणी सुती होती.) आणि अंदाजापेक्षा कापड खूप जास्त लागतं, तुम्हाला वाटेल एका चादरीत गालिचा होईल, होत नाही, ठोकून ठोकून सगळं आत जातं.

दीर वाईट माणूस नाही हेही लिहायला हवं, माझ्या मुलीला ड्रॉइंग त्यानेच शिकवलं, आणि ती आता माझ्या पट्ट्या बघून 'आई, इथे हिरवा नको' असं सांगते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. त्याचं श्रेय त्याला द्यायचं की नाही हे माझं ठरलेलं नाही.

तुम्ही खाली कमेंटमध्ये कात्री कुठली घ्यावी हे विचारलंय. घरात आहे ती, धार लावून. फक्त तिने कागद कापू नका, आणि घरातल्या कोणाला कापू देऊ नका.