पहिलं महागडं घड्याळ घेतलंय? सुरुवातीला एवढंच सांभाळा

अभिनंदन! ऑटोमॅटिक (म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद पुढेमागे झालं म्हणून घाबरू नका. स्विस क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाच्या, कसोटीतही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. मात्र एकाएकी मिनिटामिनिटाने पुढे पळायला लागलं, तर बहुधा त्याला चुंबकत्व लागलंय. फोनच्या कव्हरमधला किंवा स्पीकरमधला लोहचुंबकही त्याला पुरतो. ते काढणं काही मिनिटांचं काम आहे; तेवढ्यासाठी कुणी पूर्ण सर्व्हिसिंग गळ्यात मारत असेल तर आधी चार प्रश्न विचारा.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:

- रात्री ९ ते पहाटे ३ दरम्यान चावीने तारीख बदलणं. बऱ्याच घड्याळांत तेव्हा तारखेची चाकं गुंतलेली असतात, दात तुटू शकतो. आधी काटे सहाच्या आसपास आणा, मग तारीख लावा.
- ‘वॉटर रेझिस्टंट’ वाचून गरम शॉवरखाली जाणं. पाणी अडवणारे आतले रबरी गॅस्केट कालांतराने कडक होतात. पोहायला नेत असाल तर वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट करा. चावी स्क्रूची असेल तर ती पूर्ण बसली आहे का, हे पाण्यात जाण्याआधी बघा.
- ओरखडा दिसला की पॉलिश. दरवेळी थोडा धातू जातो, कडा गोल होतात. माझं ऐका, ओरखडे राहू द्या.

सर्व्हिसिंग साधारण ५ ते १० वर्षांनी, कंपनी सांगेल तसं. बिलं जपून ठेवा. वाइंडर (न घातलेलं ऑटोमॅटिक घड्याळ फिरवत चालू ठेवणारी पेटी) आत्ता घेऊ नका. एकच घड्याळ असेल तर रोज मनगटावर घातलं की झालं.