विकीची डागडुजी : सुरुवात जुन्या आकड्यांपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही आणि तुमचा मावसभाऊ दोघेही माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगात खणण्या-बांधण्याचा खेळ खेळता, त्याच्या विकीवर (म्हणजे खेळाडूच लिहितात-सुधारतात अशा माहितीच्या संकेतस्थळावर) वाचलेली माहिती काही वेळा खेळात खरी ठरत नाही असा अनुभव तुम्हाला आला आहे, आणि आता दिवाळीच्या सुट्टीत त्या विकीसाठी काही भरीव काम करण्याची तुमची इच्छा आहे, मात्र नवी पाने लिहावीत, असलेली सुधारावीत की सगळेच मराठीत आणावे, याचा निर्णय होत नाही. मी गेली आठ-नऊ वर्षे दोन-तीन खेळांच्या विकींवर संपादन करीत आलो आहे. माझे मत विचाराल तर असलेली पाने सुधारा, आणि त्यांतही आधी आकड्यांना हात घाला.

जे पान अस्तित्वातच नाही त्याची उणीव सर्वांना दिसते. लाल दुवा, म्हणजे न लिहिलेल्या पानाकडे जाणारा दुवा, डोळ्यांत खुपतो आणि कोणीतरी उत्साही सदस्य ते पान आज ना उद्या लिहितोच. जुना झालेला आकडा मात्र नेटक्या तक्त्यात अगदी सभ्यपणे बसलेला असतो. वाचकाला त्याच्यावर संशय घेण्याचे कारण नसते. तो त्याप्रमाणे तास-दीड तास खणतो, हाती काही लागत नाही, आणि आपलेच नशीब फुटके असे मानून खेळ बंद करतो. तक्रार करायला तो विकीवर येत नाही, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

हिऱ्यांचे उदाहरण घ्या. हिरे शोधायचे तर उंचीच्या अकराव्या पातळीवर खणावे, हा सल्ला एके काळी प्रत्येक खेळाडूला पाठ होता, आणि तो योग्यही होता; कारण तेव्हा जगाचा तळ शून्यावर होता, हिरे साधारण पंधराव्या पातळीच्या खालीच मिळत आणि दहाव्या पातळीपासून खाली उघड्या गुहांमध्ये लाव्हा भरलेला असे, म्हणून त्याच्या नेमके वर राहणे शहाणपणाचे होते. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १.१८ ही आवृत्ती आली आणि तळ उणे ६४ पर्यंत खाली गेला, लाव्हाची पातळी उणे ५५ वर उतरली, आणि हिरे जितके खाली जावे तितके दाट झाले. आता जाणकार उणे ५९ च्या आसपास खणतात, कारण त्याच्या खाली बेडरॉक हा न फुटणारा तळाचा खडक सुरू होतो. अशा वेळी हिऱ्याचे मुख्य पान लोक त्याच दिवशी बदलतात. त्याची चिंता करू नये. खरी अडचण आडबाजूच्या पानांची असते : नवख्यांसाठीचे मार्गदर्शन, लोखंडी कुदळीच्या पानावरील एखादी टीप, कोठल्या तरी चित्राखालची ओळ. तेथे तो ‘११’ तसाच राहून जातो. म्हणून एखादी गोष्ट दुरुस्त केली की लगेच ‘येथे काय जोडले आहे’ ही यादी उघडून, तीच गोष्ट आणखी कोठे कोठे लिहिली आहे ते शोधावे. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे ते फारसे कोणी करत नाही, आणि म्हणूनच दोन नवख्या संपादकांना तेथे भरपूर वाव आहे.

जुना आकडा खोडून नवा लिहिला म्हणजे काम संपले असेही नाही. मोडसाठी (म्हणजे इतरांनी खेळात घातलेल्या बदलांसाठी) म्हणून १.१२ किंवा त्याहूनही जुन्या आवृत्तीवर खेळणारे लोक आजही आहेत, आणि त्यांच्यासाठी अकरावी पातळी आजही खरी आहे. त्यामुळे पानाच्या मुख्य भागात चालू आवृत्तीची माहिती ठेवावी आणि जुनी माहिती इतिहासाच्या विभागात, कोणत्या आवृत्तीत काय बदलले या उल्लेखासह, हलवावी. ‘आता’, ‘सध्या’, ‘नुकतेच’ हे शब्द विकीवर दिसले की मला धडकी भरते. २०१७ साली कोणीतरी लिहिलेले ‘सध्या’ आज वाचणाऱ्याने कशाशी ताडून पाहावे?

आवृत्तीइतकेच महत्त्व जावा आणि बेडरॉक (येथे खडक नव्हे) या खेळाच्या दोन धारांतील, म्हणजे दोन स्वतंत्र प्रकारांतील, फरकाला आहे. जावा धारेत २९ फेब्रुवारी २०१६ च्या १.९ आवृत्तीपासून प्रत्येक वारानंतर, पुढच्या वाराला पूर्ण जोर यावा म्हणून, क्षणभर थांबावे लागते. बेडरॉकमध्ये तसे थांबावे लागत नाही. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुले मोबाइलवर, म्हणजे बेडरॉकवर खेळतात, आणि जावासाठी लिहिलेले वाक्य वाचून ते चुकीचे आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होते. मग ते वाक्य ‘सुधारले’ जाते, दुसऱ्या दिवशी जावाचा खेळाडू ते पुन्हा फिरवतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असताना पानाच्या इतिहासात महाभारत घडते. वाक्य खोटे वाटले तर ते कोणत्या धारेविषयी आहे हे आधी पाहावे, आणि तसा उल्लेख नसेल तर तो घालणे हीच तेथे खरी सुधारणा असते. ज्या धारेवर तुम्ही स्वतः खेळत नाही तिच्याविषयीच्या विधानाला हात लावू नये; चर्चा पानावर शंका नोंदवावी.

आता पडताळणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्या संपादकांच्या सर्वाधिक चुका येथेच होतात. खेळातल्या विदर सांगाडा या राक्षसाला मारल्यावर त्याची कवटी मिळण्याची शक्यता २.५ टक्के आहे, म्हणजे सरासरीने चाळिसांत एक. समजा तुम्ही चाळीस सांगाडे मारले आणि एकही कवटी मिळाली नाही. विकी चुकली असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हिशेब केला तर दिसते की चाळीस सांगाडे मारूनही हात रिकामे राहण्याची शक्यता ३६ टक्के आहे, म्हणजे दर तीन खेळाडूंमागे एकाहून अधिकांच्या वाट्याला हेच येणार. त्यांपैकी एखादा रागाने पान उघडून २.५ च्या जागी १ लिहितो, आणि स्वतःच्या अनुभवावर विसंबल्यामुळे त्यात त्याला काही गैर वाटत नाही. चारशे सांगाडे मारले तरी कवट्या दहाच्या ऐवजी पाच किंवा पंधरा मिळणे हे योगायोगाच्या मर्यादेतच बसते. थोडक्यात, अशा छोट्या शक्यता हाताने मोजून ठरवण्याच्या फंदात पडू नये. जावा धारेत खेळाची जार फाइल ही एक साधी झिप असते; ती उघडली की प्रत्येक प्राण्याकडून काय मिळते याचे तक्ते मजकुराच्या स्वरूपात वाचता येतात, आणि तेथे ही शक्यता ०.०२५ अशी स्पष्ट लिहिलेली आहे. शस्त्रावर चढवायच्या लूटिंग या मंत्राची प्रत्येक पायरी त्यात एक टक्का मिळवते, त्यामुळे तिसऱ्या पायरीला ती ५.५ टक्के होते. ज्याचा मूळ आकडा फाइलीत सापडतो त्यासाठी फाइल पाहावी. आणि जे फाइलीत सापडत नाही, किंवा तुम्हाला ते तेथे वाचता येत नाही, त्यासाठी प्रयोग करावा.

प्रयोग केला तर संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या छोट्या ओळीत, तो नोंदवावा. ‘दुरुस्ती केली’ या सारांशाचा कोणालाही काही उपयोग नाही. त्याऐवजी ‘जावा १.२१, मंत्राविना तलवार, ४०० सांगाडे, ९ कवट्या. जुना आकडा कायम ठेवला’ असे लिहिले तर पाच वर्षांनी येणाऱ्या संपादकाला तुम्ही काय पाहिले होते हे कळते. होय, ज्यातून काहीच बदलले नाही अशी पडताळणीही चर्चा पानावर नोंदवण्याजोगी असते. आकडा तपासला गेला आहे हे कळणे ही पुढच्या माणसासाठी मोठी सोय आहे.

साच्यांविषयी, म्हणजे एकदा लिहून अनेक पानांवर वापरल्या जाणाऱ्या तुकड्यांविषयी, एक इशारा, तोही स्वतःच्या फजितीतून. एका छोट्या खेळाच्या विकीवर वस्तूंची माहितीचौकट दाखवणारा साचा मी झोपण्यापूर्वी ‘जरा नीटनेटका’ केला होता. दोन-तीन पाने उघडून पाहिली, सगळे ठीक दिसले, आणि झोपलो. साच्यातला बदल तो वापरणाऱ्या सर्व पानांवर एकदम उमटत नाही, सर्व्हर ते काम रांगेत लावून सवडीने करतो, आणि मी उघडलेली पाने जुन्या साठवलेल्या प्रतीतून येत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सकाळी उठून पाहतो तर सुमारे तीनशे पानांच्या माथ्यावर चौकटीऐवजी उघडे महिरपी कंस लटकत होते. मी एक कंस जास्त पुसला होता. विकीची व्यवस्था पाहणाऱ्या प्रचालकांनी काही न बोलता बदल उलटवला आणि माझ्या चर्चा पानावर फक्त धूळपाटीचा, म्हणजे सरावाच्या पानाचा, दुवा ठेवला. तेव्हापासून साच्याची प्रत धूळपाटीवर घेऊन तेथेच तो मोडून पाहतो. तुम्ही पहिले दोन-तीन महिने साच्यांच्या वाटेला जाऊच नका.

कोणती विकी उघडली आहे हेही एकदा तपासून पाहा. माइनक्राफ्ट विकीच्या संपादकांनी २४ सप्टेंबर २०२३ रोजी फॅन्डम हे अनेक विकींना जागा देणारे संकेतस्थळ सोडले आणि विकी स्वतंत्र पत्त्यावर हलवली. रुनस्केप या दुसऱ्या खेळाच्या विकीने हीच वाट २०१८ मध्ये धरली होती, आणि त्या मंडळींनी उभी केलेली वियर्ड ग्लूप ही कंपनी आता माइनक्राफ्ट विकीचा सर्व्हर सांभाळते. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे तो श्रेयासह नेता येतो, पण जुनी प्रतही मूळ जागी राहते. शोधयंत्रात कधी ती वर येते. तुम्हाला खटकलेल्या चुकांपैकी काही कदाचित त्या मागे राहिलेल्या प्रतीतल्या असतील आणि नव्या जागी केव्हाच दुरुस्त झाल्या असतील. परवान्याचीच आणखी एक गोष्ट म्हणजे, माइनक्राफ्ट विकीच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई आहे, विकिपीडियाच्या परवान्यात ती नाही. त्यामुळे एकीकडचा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवणे नियमात बसत नाही. माहिती घ्या, वाक्ये स्वतःची लिहा.

मराठीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो मला जवळचा आहे आणि त्यात उत्साहाने केलेली कामे अर्धवट पडलेली मी पाहिली आहेत. भाषांतरित पान ज्या दिवशी तयार होते त्या दिवशी ते मूळ पानाइतके ताजे असते, आणि दुसऱ्या दिवसापासून शिळे होऊ लागते. मूळ पानावर लक्ष ठेवणारे अनेक जण असतात. मराठी पानावर तुम्ही दोघेच असाल, आणि परीक्षा आली की तेही नसाल. त्यामुळे मराठीत लिहायचेच असेल तर जी माहिती सहसा बदलत नाही तेवढीच पाने निवडा, म्हणजे पहिल्या रात्री कसे तग धरावे, क्राफ्टिंग टेबल आणि भट्टी कशी वापरावी, असे विषय. वस्तूंची नावे मात्र खेळाच्या पडद्यावर दिसतात तीच, देवनागरीत ठेवा. बेसॉल्ट हे याचे बोलके उदाहरण आहे : सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे हाच खडक, त्यामुळे ‘काळा कातळ’ असे भाषांतर करण्याचा मोह मलाही झाला होता, पण खेळात ब्लॅकस्टोन नावाचा वेगळाच ठोकळा आहे, आणि वाचक नेमका तो शोधत बसला असता. संपादनाशी संबंधित शब्दांसाठी तर काही घडवण्याची गरजच नाही. साचा, धूळपाटी, चर्चा पान, प्रचालक, अलीकडील बदल ही सगळी नाणी मराठी विकिपीडियाने चलनात आणून ठेवली आहेत.

तुमचा बदल कोणी उलटवला तर चर्चा पानावर कारण विचारा आणि एक-दोन दिवस थांबा. बहुतेक वेळा उत्तर मिळते आणि ते रास्तही असते.

पहिल्या कामासाठी मी कंपोस्टरचे, म्हणजे बिया-धान्य टाकून खत बनवण्याच्या ठोकळ्याचे, पान सुचवतो, कारण त्याची तपासणी मोबाइलवर बसून अर्ध्या तासात होते. गव्हाचे बी टाकले तर थर वाढण्याची शक्यता ३० टक्के, गहू टाकला तर ६५, पाव टाकला तर ८५ आणि पम्पकिन पाय (भोपळ्याचा भाजलेला गोड पदार्थ) टाकला तर १०० टक्के असते. सात थर झाले की थोड्या वेळाने खत तयार होते. जावा धारेत याला एक अपवाद आहे : कंपोस्टर पूर्ण रिकामा असेल तर पहिली वस्तू, मग ते बी का असेना, हमखास थर वाढवते. त्यामुळे सात थरांना सरासरी २३ नव्हे तर २१ बिया लागतात, आणि हे ठाऊक नसलेल्या माणसाची मोजणी नेहमी थोडी चुकते. तुम्ही बेडरॉकवर दहा रिकामे कंपोस्टर ओळीने मांडा, प्रत्येकात एकेक बी टाका आणि किती ठिकाणी थर वाढला ते मोजा. दहाच्या दहा वाढले तर तो योगायोग असणार नाही, तीन-चारच वाढले तर अपवाद तेथे लागू नाही. जे दिसेल ते आवृत्तीच्या क्रमांकासह चर्चा पानावर लिहा, आणि तुमच्या मावसभावाला त्याच्या मोबाइलवर तेच पुन्हा करून पाहायला सांगा.