जमीन सरकारची, कारभार पट्टेदाराचा : रहिवाशांनी दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न : आम्ही ब्रिस्बेनला स्थायिक आहोत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यासमोरील केस्विक बेटाच्या बातम्या वाचून मन अस्वस्थ होते. जमीन सरकारी, ती पट्ट्याने एका कंपनीकडे गेलेली, आणि तेथे घरे बांधून राहिलेली माणसे तक्रारी करून थकलेली. जमिनीचे मालक असूनही सरकारला असे हात झटकता येतात का? रहिवाशांनी नेमके काय करावे?
— एक वाचक, ब्रिस्बेन

उत्तर : हात झटकता येत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते इतक्या सहजपणे का झटकले जातात, हे समजून घेतल्याशिवाय पुढची वाट सापडणार नाही.

केस्विक हे मॅके शहरासमोरच्या कंबरलँड द्वीपसमूहातील छोटे बेट आहे. त्याचा सुमारे ८० टक्के भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो. उरलेल्या भागाचा मुख्य पट्टा २०१९ मध्ये चायना ब्लूम या कंपनीकडे गेला. ज्यांना आपण घरमालक म्हणतो ते रहिवासी कागदोपत्री पोटपट्टेदार आहेत. त्यांचा करार सरकारशी नसून मुख्य पट्टेदाराशी आहे आणि सारे दुखणे तेथेच आहे. धावपट्टीच्या वापरावर निर्बंध आले, बेसिल बे या किनाऱ्यावर जाण्यास आडकाठी होते, स्वतःचे घर पर्यटकांना भाड्याने देण्यास मनाई केली जाते, अशा तक्रारी रहिवाशांनी २०२० च्या अखेरीस जाहीरपणे मांडल्या. त्यावर सरकारी खात्याची भूमिका मुख्य पट्टेदार आणि पोटपट्टेदार यांच्यात समेट घडवून आणण्याची राहिली. ज्याने जमीन दिली, अटी घातल्या आणि भाडे घेतले, त्यानेच दोन शेजाऱ्यांच्या भांडणातल्या मध्यस्थाची जागा घ्यावी, हे मला मान्य होण्यासारखे नाही. पर्यटक उतरू शकत नसतील तर बेटावर पोट भरणाऱ्याने काय करावे, या प्रश्नाला समेटाच्या बैठकीत उत्तर मिळत नाही.

क्वीन्सलँडच्या १९९४ च्या जमीन कायद्यानुसार सरकारी पट्ट्याला अटी असतात आणि पट्टेदारावर जमिनीची नीट काळजी घेण्याची जबाबदारी असते. अटींचा भंग झाला तर सरकार सुधारणेची नोटीस देऊ शकते आणि पुढे पट्टा रद्द करण्यासाठी लँड कोर्टात, म्हणजे जमिनीच्या वादांसाठीच्या न्यायालयात, जाऊ शकते. म्हणजे अधिकार नाहीत असे नाही; ते वापरण्याची इच्छा कमी पडते. क्वीन्सलँडमधल्याच ग्रेट केपेल बेटाचे उदाहरण पाहा. तेथील रिसॉर्ट २००८ मध्ये बंद पडले, इमारती वर्षानुवर्षे मोडकळीस येत राहिल्या, किनाऱ्यावरचे लोक ओरडत राहिले. पट्टे रद्द झाले ते मार्च २०२३ मध्ये, आणि तेही भाडे थकल्यावर. सरकारची स्वतःची वसुली अडली तेव्हा कायदा हलला, रहिवाशांची अडली तेव्हा हलला नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. केर्न्सजवळच्या डबल आयलंडच्या बाबतीत मात्र सरकार देखभालीच्या मुद्द्यावर लँड कोर्टात गेले आणि २०२४ मध्ये तेथील एका पट्ट्याबाबत निकाल सरकारच्या बाजूने लागला. हा दाखला केस्विकसारख्या ठिकाणी फार मोलाचा आहे, कारण ‘आमच्या हातात काही नाही’ असे म्हणण्याची सोय त्याने राहत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केस्विकच्या बातम्यांत कंपनी चिनी असल्याचाच गाजावाजा अधिक झाला. ग्रेट केपेल वर्षानुवर्षे पडीक राहिले तेव्हा पट्टेदार सिडनीचा विकासक होता. रोष पट्टेदाराच्या देशावर वळला की अटींवर देखरेख न ठेवणारे खाते नामानिराळे राहते, आणि यात नुकसान रहिवाशांचेच होते.

आता उपायाचे. रहिवाशांनी आपल्या तक्रारींतून मुख्य पट्ट्याच्या अटींचा भंग दाखवणाऱ्या तक्रारी आधी वेगळ्या काढाव्यात. त्यासाठी मुख्य पट्ट्याची प्रत हाती हवी. क्वीन्सलँडमध्ये २००९ पासून माहिती अधिकाराचा कायदा आहे, त्याचा आधार घेता येईल. मग प्रत्येक अट, तिच्यासमोर तारीख, छायाचित्र आणि खात्याला पाठवलेले पत्र, अशी नोंद ठेवावी. ‘आम्हाला त्रास होतो’ या वाक्याला समेटाचे उत्तर देता येते. ‘अमुक अटीचा अमुक दिवशी भंग झाला, आपण नोटीस कधी देणार?’ याला तसे उत्तर देता येत नाही. तरीही टोलवाटोलवी झाली तर राज्याच्या ऑम्बुड्समनकडे, म्हणजे सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, खात्याच्या दिरंगाईविरुद्ध तक्रार करावी आणि विधिमंडळात याचिका दाखल करावी. तुम्ही बेटावर राहत नसलात तरी राज्याचे रहिवासी म्हणून त्या याचिकेवर सही करू शकता, आणि ती जरूर करावी.

प्रश्न : आपल्याकडे सरकारी पट्ट्याच्या जमिनीबाबत असे घडले तर?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपल्याकडे याला शर्तभंग म्हणतात आणि त्यावर कारवाईचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. नोटीस, सुनावणी आणि मग जमीन सरकारजमा, हा क्रम महसूल खात्यात सर्वांना ठाऊक आहे. दिरंगाई मात्र येथेही तशीच आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा पट्टा २०१३ मध्ये संपला आणि त्या जागेचे काय करायचे, याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. तुमच्या गावच्या प्रकरणात मूळ पट्ट्याचा आदेश आणि त्यातील अटी माहिती अधिकारात मागवा, आणि शर्तभंगाचा अर्ज थेट जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन त्याची पोच घ्या.